सावलीचा पैसा कोणाच्या दारी?

वरणगावच्या माणसाला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा घरी कूलर असलेला माणूस दार लावून बसतो. हातगाडीवाला, हमाल, बांधकामावरील मजूर स्त्री आणि एस.टी.ची वाट पाहणारा वृद्ध यांना लावून घ्यायला दार नसते. रस्त्याकडेचा कडुलिंब हाच त्यांचा निवारा. म्हणून ही झाडे केवळ नगरशोभेचा विषय नव्हे. त्यांच्यासाठी नगरपरिषद किती पैसा ठेवते आणि तो कोणत्या रस्त्यावर खर्च करते, हा कष्टकऱ्यांच्या हिताचा, म्हणूनच राजकीय प्रश्न आहे.

ग्रामपंचायत जाऊन वरणगावात नगरपरिषद आली, तशी कायद्याची चौकटही बदलली. महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायदा वृक्ष प्राधिकरण नेमण्यास, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्यास आणि स्वतंत्र वृक्षनिधी ठेवण्यास सांगतो. या कामासाठी वृक्ष उपकराचीही तरतूद त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांच्या वृक्षांना विशेष संरक्षण दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही नागरी वनीकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती लोकांच्या जागत्या नजरेची.

आजवर पैसा मोजला गेला तो खड्ड्यांच्या हिशेबाने. २०१९ साली राज्याने ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य जाहीर केले आणि २०२१ साली त्याच मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर करावी लागली. यातून एक धडा घ्यावा. रोप लावणे हा एका दिवसाचा समारंभ असतो, ते जगविणे हे किमान तीन उन्हाळ्यांचे काम असते. अंदाजपत्रकात पहिल्या दिवसाची तरतूद असेल आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची, कुंपणाची व मजुरीची नसेल, तर तो पैसा मातीत गेला असे समजावे. ठेकेदाराचे देयकही लावलेल्या रोपांवर न देता जगलेल्या झाडांवर टप्प्याटप्प्याने द्यावे.

दुसरा प्रश्न क्रमाचा. पुढाऱ्यांच्या वाटेवर शोभेची झाडे आणि श्रमिकांच्या वस्तीत उघडा रस्ता, ही विषमता कोणत्याही गावात पाहावयास मिळते. प्रथम बाजार, बसथांबा, शाळेची वाट, दवाखाना आणि मजूरवस्ती. नंतर उरलेले रस्ते, असा क्रम सभेत ठरला पाहिजे. झाडेही दाट सावली देणारी, या मातीत रुजणारी हवीत: कडुलिंब, करंज, चिंच, वड.

कोणी म्हणेल, नळाला पुरेसे पाणी नाही, गटारे तुंबली आहेत, तेथे झाडांची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे आणि पिण्याच्या पाण्याचा पहिला मान आम्हांस मान्य आहे. परंतु रोपाला पिण्याचे पाणी लागत नाही. धुण्याभांड्यांचे सांडपाणी निवळून त्यास देता येते. शिवाय उन्हाने मजुराचा दिवस बुडतो, तेव्हा त्याची भरपाई कोणतेही अंदाजपत्रक करीत नाही.

याच कामातून मजुरीही निर्माण होऊ शकते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ‘क’ वर्ग नगरपालिकांची क्षेत्रेही योजनेत घेतली होती. केंद्राचा २००५ चा कायदा मात्र ग्रामीण भागापुरता होता. गावाचे शहर झाले की तेथील मजूर त्या हमीबाहेर पडत असे. अशा स्त्रियांच्या बचत गटांना ठराविक रस्ते नेमून देऊन, किमान वेतनाने तीन वर्षे झाडे राखण्याचे काम नगरपरिषदेने द्यावे. ठेकेदाराच्या खिशात जाणारा पैसा चुलीपर्यंत पोचेल आणि झाडाला कायमचा राखणदार मिळेल.

राज्यातील अनेक नगरपरिषदांत वर्षानुवर्षे प्रशासकांचा कारभार चालला. २०२५ च्या अखेरीस निवडणुका झाल्या. आता जाब विचारण्यासाठी लोकप्रतिनिधी आहेत. कार्यकर्त्यांनी अंदाजपत्रकाची प्रत मागावी, वृक्षनिधीचे पान उघडावे, वस्तीवस्तीत फिरून जगलेली झाडे मोजावीत आणि ती यादी सभेपुढे ठेवावी. काम लहान आहे, घोषणेचे नाही. परंतु सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्याची सवय एका झाडापासून लागली, तरी ती तेथेच थांबणार नाही.