वखारीचे चिरे गडग्यात घालू नका

गडगा घालायचा म्हटला की आपली नजर पहिली जाते ती पडक्या जोत्याकडे. खाणीतून चिरा आणायचा तर भाडे आणि हमाली अंगावर. इथे घडीव दगड आयता मिळतो. जोते कुणाचे, कधीचे, हे विचारायला वेळ कुणाला? आज त्याच जोत्याविषयी बोलायचे आहे.

राजापूरला खाडीकाठी इंग्रजांनी १६४९ मध्ये वखार घातली. मुंबई कंपनीकडे आली १६६८ साली, म्हणजे आपली वखार १९ वर्षांनी थोरली! वखार म्हटले की आपल्याला लाकडाची किंवा कांद्याची आठवते. ही तशी नव्हती. साहेब लोक तिथेच राहत, जेवत, हिशेब लिहीत, तापाने आजारी पडत. मिरी आणि कापड ते इथून जहाजावर चढवीत. घाटावरचा माल अणस्कुऱ्याने बैलांच्या पाठीवरून उतरे. बैलांना वैरण आणि हमालांना तांदूळ लागणारच, तो काही विलायतेहून येत नव्हता.

पुढे या साहेबांना दुर्बुद्धी झाली. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि वर आपले निशाणही मिरवले. शिवाजी महाराज हे विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापुरावर स्वारी झाली, वखार लुटली गेली, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. या नुकसानीच्या भरपाईचे बोलणे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर हेन्री ऑक्झिंडेन करत होता. वखार पुन्हा उघडली, पण धंदा बसला नाही आणि थोड्याच वर्षांत ती बंद पडली. खाडीही गाळाने भरत गेली. १८८० च्या गॅझेटियरात मात्र या भक्कम दगडी इमारतीत सरकारी कचेरी असल्याची नोंद आहे.

एवढा इतिहास कागदांत आहे, तोही बहुतेक साहेबाच्या हातचा. तिथे राबणारा आपला माणूस कशात जेवत होता, काय खात होता, हे कागदात मिळत नाही. ते मातीत असते. खापराचे तुकडे, चिनी मातीची बशी, गंजलेला खिळा, हाडे, राख. अमेरिकेत जेम्सटाऊन येथे इंग्रजांनी १६०७ मध्ये कोट बांधला. तो नदीने खाल्ला असे सगळे धरून चालले होते. १९९४ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि कुजून गेलेल्या मेढींचे काळे डाग मातीत ओळीने सापडले. कोट बराचसा जागेवरच होता! मेढ कुजली की मातीचा रंग बदलतो, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण त्या जागेवर एकदा जेसीबी फिरला की डागही गेला आणि पुरावाही.

हे फक्त राजापूरकरांनी वाचायचे नाही. बाणकोट १७५६ मध्ये इंग्रजांकडे गेले, १८१८ नंतर दापोलीत त्यांची छावणी पडली. त्या भागात साहेबांच्या बंगल्यांची जोती, विहिरी, थडगी कुणाच्या बागेत नसतील असे नाही.

आता भीतीचे बोलू. 'कळवले तर जमीन जाईल,' असे पुष्कळ जण म्हणतात. संरक्षित स्मारक जाहीर झाले तर बांधकामावर बंधने येतात, हे खरे. पण वस्तू सापडल्याचे कळवले म्हणून सातबारावरचे नाव उडत नाही. उलट १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा मालकी हक्क ठरला नाही तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से व जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. लपवले तर मात्र हिस्साही जातो आणि वर शिक्षा. खापराच्या तुकड्याला बाजारात किंमत नाही, तो निदान फेकू नका.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) यांना एकच सांगणे. रस्ता रुंद करण्याआधी किंवा चर खणण्याआधी शिवारातली जुनी जोती कुठे आहेत ते म्हाताऱ्यांना विचारा, गट नंबर टाकून ग्रामसभेत नोंदवा, दोन फोटो काढा. त्याची एक प्रत रत्नागिरीला पुरातत्त्व खात्याकडे धाडा. थिबा राजवाड्यात त्यांचे संग्रहालय आहे. तालुक्याच्या कामाला जाल तेव्हा एकदा ते बघूनही या.