वरलिया रंगापलीकडे

चोखोबांचा उसाचा अभंग शाळेत पाठ होतो आणि बहुधा तिथेच राहतो. या अंकात तो पुन्हा वाचायला घेतला आहे. बांधणी साधी आहे: ऊस, कमान, नदी. प्रत्येक वेळी आधी वाकडेपणाची कबुली, लगेच रसाची, तीराची, पाण्याची ग्वाही. शेवटी त्याच साच्यात कवी स्वतःला बसवतो. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा ध्रुपदातला प्रश्न तोच राहतो, पण धार वाढत जाते. उसापाशी ऐकणारा मान डोलावतो; माणसापाशी आल्यावर त्याला उत्तर द्यावे लागते. चौदाव्या शतकात देवळाबाहेर ठेवलेल्या या माणसाचा सूर शांत आहे, तरी तो जाब विचारतो. वाचकांनी हा अभंग एकदा मोठ्याने म्हणून पाहावा.