फरशीखालचा उतार

'घर पाहावे बांधून' असे आपण म्हणतो. परंतु बांधलेले घर पुन्हा उकलून पाहणे त्याहून अवघड, याचा प्रत्यय न्हाणीघराच्या दुरुस्तीत येतो. रायपूरच्या तेलीबांधा भागातील एका मराठी कुटुंबाने आपले जुने न्हाणीघर नवे करावयास घेतले. भिंतींवर फरश्या चढल्या, कमोड आला, आणि बसविण्याच्या दिवशी असे दिसले की, जमिनीतील नळी त्याच्या तोंडाखाली येतच नाही. ती दीड इंच भिंतीकडे आहे!

नळी होती तेथेच होती. पुढे आली होती ती भिंत. प्लंबरने माप घेतले ते उघड्या विटांपासून. त्यावर गिलावा, मग सिमेंटचा थर, मग फरशी. तिन्ही मिळून ३५ ते ४० मिलिमीटर सहज होतात. खाली तोंड असलेल्या कमोडला भिंतीपासून नळीच्या मध्यापर्यंत बहुधा २२५ किंवा ३०० मिलिमीटर अंतर लागते, आणि ते तयार भिंतीपासून मोजावयाचे असते. तेव्हा वाचकहो, कमोड आधी निवडावा, नळी मागाहून बसवावी.

अशा वेळी गवंडी हमखास सांगतो, "थोडे सरकवू, सिमेंट भरू." हे मुळीच ऐकू नये. असा सांधा वर्षभर गुपचूप झिरपतो आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर प्रकट होतो. रायपूर हे तळ्यांचे गाव, तेलीबांध्याचे तळे तर वस्तीला लागूनच. तेथे जमिनीत निसटलेले सांडपाणी कोठे जाईल, हाही विचार हवा. फरक अल्प असेल तर मध्य सरकविणारा तयार जोडतुकडा मिळतो, मात्र त्याने वाट अरुंद होता कामा नये. एरवी फरशी फोडून, काटकोनी कोपराऐवजी ४५ अंशांचे दोन कोपर घालून नळी वळवावी. तेलीबांध्याच्या घरी हेच करावे लागले. स्लॅबच्या सळ्या मात्र कोणी कापू लागल्यास हात धरावा.

नळी वळविली की उतार पुन्हा तपासावा. १०० मिलिमीटर नळीला मीटरमागे सुमारे २५ मिलिमीटर उतार पुरतो. कमी असल्यास मळ साचतो. फार असल्यास पाणी पुढे धावते आणि मळ मागे राहतो. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी येथे उत्तम साक्षीदार. नंतर खालचे तोंड बंद करून नळीत पाणी भरावे व पातळी उतरते का ते पाहावे. फरशी त्यानंतरच.

न्हाणीच्या जाळीखालील वाकडा भाग देशभर 'नहाणी ट्रॅप' या नावाने विकला जातो. आपल्या घरगुती शब्दाची ही बढती मोठी गमतीची! अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली अशाच वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. त्यात थांबलेले सुमारे ५० मिलिमीटर पाणी गटाराची हवा घरात येऊ देत नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची साथ तीनशेहून अधिक रहिवाशांना लागली, तेव्हा न्हाणीघरांतील असे ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. पाहुण्यांचे न्हाणीघर वापरात नसेल तर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतीत जावे.

आणि नळ्या झाकण्यापूर्वी त्यांवर मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे व घराच्या कागदपत्रांत जपावे. पुढे कधी ओल आलीच, तर फोडावयाचे कोठे ते त्यावरून कळेल.