शाळेची घंटा : सत्कार यंदा उशिरा का झाला?



आपल्या वस्तीतल्या मिडल स्कूलच्या गुणवंत मुलामुलींचा सत्कार मंडळातर्फे दरवर्षी जून महिन्यात होतो. यंदा जून गेला, जुलै गेला, वर्षावास संपला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाऊन सगळे परत आले, तरी सत्काराचा पत्ता नाही. चौकात मला अडवून एका आजीबाईंनी विचारलेच, "काय बापा, मंडळापाशी औंदा शालीले पैसे नाहीत काय?"

पैसे होते. पण सत्कार मुद्दामच लांबवला होता. तो ७ नोव्हेंबर २०२५ ला, विद्यार्थी दिनी, संध्याकाळी विहारात झाला. उशीर का केला, हे सांगण्यासाठीच आजचा मजकूर आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे. पण आधी मुलांचे कौतुक.

आपली ही शाळा महानगरपालिकेची. मराठी माध्यमाची, पहिली ते आठवीपर्यंत. पट दरवर्षी थोडा थोडा घटतो. ज्याच्या हातात चार पैसे आले तो पोराला व्हॅनमध्ये बसवून कॉन्व्हेंटला धाडतो. जे उरतात ते हातावर पोट असणाऱ्यांचे. अशा शाळेतल्या मुलांनी काय केले ते पाहा.

आठवीच्या चार मुली २०२४ मध्ये शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीला बसल्या आणि चौघीही पास झाल्या. एकीला 'अ' श्रेणी मिळाली. तिचे वडील घरे रंगवण्याच्या कामावर जातात. घरी उरलेल्या डब्यातला रंग हाच तिचा रंग. आता तिने इंटरमिजिएटला बसावे, कारण त्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. मुलींचा खो-खोचा संघ आंतरशालेय स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला. समोरच्या संघाच्या पायांत बूट होते, आपल्या मुली अनवाणी धावल्या. सहावीतल्या एका मुलाचा वर्षभरात एकही खाडा नाही. त्याची आई पहाटे भाजी आणायला जाते. तो धाकट्या बहिणीला उठवतो, तिची वेणी घालतो आणि दोघे प्रार्थनेच्या आधी शाळेत हजर असतात. अशा मुलाचाही सत्कार व्हावा ही मुख्याध्यापिका बाईंची सूचना. मंडळाने ती आनंदाने मान्य केली.

आणि मोठी बातमी ही, की डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या एन.एम.एम.एस. परीक्षेतून शाळेच्या तीन विद्यार्थ्यांची निवड झाली. दोन मुली, एक मुलगा. गणिताच्या बाईंनी शाळा सुटल्यावर रोज एक तास जादा शिकवले, त्याचे हे फळ. बाईंनी त्यासाठी एक पैसाही घेतला नाही, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

ही परीक्षा बऱ्याच पालकांना माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केंद्र सरकारची ही योजना २००८ सालापासून चालू आहे. हेतू असा, की गरिबाचे हुशार लेकरू आठवीनंतर शाळा सोडू नये. आठवीत परीक्षा होते. आपल्या राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे. पास होण्यासाठी दोन्ही मिळून ४० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ३२ टक्के. मात्र नुसते पास होऊन भागत नाही, निवड यादीत नाव यावे लागते. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षे शिष्यवृत्ती मिळते. सुरुवातीला ती वर्षाला ६,००० रुपये होती, २०१७ पासून १२,००० झाली. चार वर्षांचे ४८,००० रुपये होतात. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घराला ४८,००० म्हणजे काय हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

एक खुलासा. आपण ज्याला नुसते 'स्कॉलरशिपची परीक्षा' म्हणतो ती वेगळी. ती पूर्वी चौथी आणि सातवीला होती, २०१७ च्या परीक्षेपासून पाचवी आणि आठवीला गेली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. दोन्ही परीक्षांत गल्लत करू नये. दोन्हींना मुलांना जरूर बसवावे.

आता माझी चूक.

२०२४ च्या निवड यादीत याच शाळेतल्या एका मुलाचे नाव होते. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी करते. आम्ही मोठा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांची प्रतिमा, भाषणे, फोटो. मीही बोललो, आणि लांबलचक बोललो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या आवरताना त्याचे वडील जवळ आले. हळूच म्हणाले, "साहेब, हे पैसे केव्हा येतील जी?" मी घाईत होतो. म्हणालो, "येतील, येतील. नाव लागलं ना यादीत? आपोआप खात्यात येतील."

बंधू-भगिनींनो, आपोआप काहीच येत नाही. मी कारकून माणूस. आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेले. अर्जाशिवाय कागद हलत नाही हे मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? तरी मी त्या माणसाला 'आपोआप' म्हणालो.

झाले असे. यादीत नाव आले म्हणजे मुलगा फक्त पात्र ठरतो. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर त्याचा नवा अर्ज भरावा लागतो. तो अर्ज आधी त्याची शाळा तपासते, नंतर जिल्ह्याचे कार्यालय तपासते, तेव्हा कुठे पैसे थेट खात्यात जमा होतात. पण आपली शाळा आठवीपर्यंतच. नववीला मुलगा दुसऱ्या शाळेत गेला. जुन्या शाळेचे काम दाखला दिला की संपले. नव्या शाळेला हा निवड यादीतला मुलगा आहे हे माहीतच नाही. दिवाळीनंतर त्याची आई माझ्या दारात आली. म्हणाली, "भाऊ, जुन्या शाळेवाले म्हनते नाव तिकडं गेलं. नव्या शाळेवाले म्हनते आमाले काई मालूम नाई. आमी कोनाले विचारावं?" मी रजा टाकून तीन दिवस फिरलो. पण अर्जाची मुदत संपून गेली होती. मुदत गेली ती गेली.

मुलगा दोन पेपर लिहून जिंकला होता. तो हरला तो दोन शाळांच्या मधल्या रस्त्यावर. आणि त्या रस्त्यावर त्याच्याबरोबर चालायला आमच्यापैकी एकही जण नव्हता. शाल देणारे आम्ही पंधरा जण मंचावर होतो, अर्ज भरणारा एकही निघाला नाही.

त्या रात्री मला केळुसकर गुरुजी आठवले. बाबासाहेबांचे शालेय शिक्षण आपण सगळे अभिमानाने सांगतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरात क्रमांक १९१४. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिन पाळला जातो. पुढे १९०७ साली ते मुंबईत मॅट्रिक झाले आणि त्यांचा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या वेळी तरुण भीमरावांना भेट दिले. इथपर्यंतची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते.

पण त्याच्या पुढचा भाग आपण चटकन सांगून मोकळे होतो. भीमराव कॉलेजात गेले. इंटरनंतर सुभेदार रामजींच्या जवळचे पैसे संपले. शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा हेच केळुसकर पुन्हा पुढे आले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांनी शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले. म्हणजे केळुसकर पुस्तक देऊन, टाळ्या घेऊन घरी गेले नाहीत. मुलाचे पुढे काय चालले आहे याची त्यांनी विचारपूस ठेवली, आणि नड आली तेव्हा दार ठोठावायला ते स्वतः गेले. सत्कार असा करायचा असतो. पुस्तक आम्हीही दिले होते, पण विचारपूस ठेवली नव्हती.

म्हणून २०२५ ची यादी लागली तेव्हा मंडळाच्या बैठकीत मी ठराव मांडला, की तिन्ही मुलांचे नववीचे अर्ज भरून, दोन्ही ठिकाणची तपासणी होईपर्यंत सत्कार करायचा नाही. काही जण नाराज झाले. "पाहुणे ठरले आहेत, बॅनर छापायला दिला आहे," असेही म्हणाले. पण महिला मंडळाच्या ताईंनी ठरावाला पाठिंबा दिला आणि तो मंजूर झाला. मी एक साधी वही केली. प्रत्येक मुलाला एक पान. कोणता कागद आला, कोणता राहिला, कोणाकडे अडला, तारखेसह नोंद. त्या वहीतून जे शिकलो ते पालकांसाठी खाली देतो. कात्री लावून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा.

१. शाळेच्या रजिस्टरात, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकात मुलाचे नाव अक्षरन् अक्षर सारखे हवे. तिघांपैकी एका मुलीच्या आधारावर वडिलांचे नाव निराळे लागले होते. ते दुरुस्त करण्यात पाच आठवडे गेले. हे काम सातवीतच उरकावे.

२. बँकेत खाते मुलाच्या स्वतःच्या नावाने काढावे आणि ते आधारशी जोडून घ्यावे.

३. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. परीक्षा तोंडावर आली की सेतू केंद्रात रांग लागते.

४. नववीचा प्रवेश सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतच घ्यावा. विनाअनुदानित शाळेत किंवा निवासी शाळेत गेल्यास ही शिष्यवृत्ती मिळत नाही. प्रवेश घेण्याआधी शाळा अनुदानित आहे का, हे तोंडावर विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

५. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात निवड यादीची प्रत मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जाची मुदत दरवर्षी बदलते, ती शाळेतच विचारावी.

६. पुढे दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जावे. दहावीला ६० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५५ टक्के.

मी इथे शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्या माथी निवडणुकीची कामे, जनगणना, खिचडीचा हिशेब, सारेच असते. दोष वाटायचाच तर पहिला वाटा आमचा, मंडळवाल्यांचा. जयंतीची वर्गणी जमवायला आम्ही घरोघर जातो. मग वर्षातून एकदा "पोराचा अर्ज भरला का?" हे विचारायला जायला काय हरकत आहे? आपल्या प्रत्येक वस्तीत एखादा तरी नोकरदार आहे, कॉलेजात जाणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. एकाने तीन मुलांची पाने सांभाळली तरी पुष्कळ झाले.

अर्ज भरायला मी तिन्ही मुलांना घेऊन गेलो, तेव्हा माझ्या शेजारी आणखी एक जण बसला होता. तोच, ज्याची शिष्यवृत्ती आमच्या हातून गेली. आता दहावीत आहे. रविवारी केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जातो, बाकी दिवस अभ्यास करतो. त्याला मी बोलावले नव्हते. ऐकून तो आपणहून आला. "काका, कोणता रकाना कुठं असतो ते मी मागं पाहून ठेवलं होतं," म्हणाला. एका मुलीच्या खाते क्रमांकातला एक आकडा चुकला होता, तो त्यानेच पकडला. मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

७ नोव्हेंबरच्या कार्यक्रमात तिन्ही मुलांना शालीऐवजी शब्दकोश आणि कंपासपेटी दिली. चौथी भेट त्या मुलाला दिली. दहावीची पुस्तके आणि वर्षभराचे परीक्षा शुल्क मंडळाकडून. हे त्या ४८,००० ची भरपाई नव्हे, हे आम्ही मंचावरूनच कबूल केले. त्याचे वडील मागच्या रांगेत बसले होते. मी खाली उतरून त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या जी. या तिघांचं झालं ना?"

झाले. तिघांचेही अर्ज दोन्ही ठिकाणी मंजूर झाले आहेत. तशी नोंद वहीत आहे. पण वही मिटलेली नाही. पुढच्या जूनमध्ये नूतनीकरण आहे, आणि यंदाच्या आठवीची पाने उघडायची आहेत. ज्यांची मुले सातवी-आठवीत आहेत त्यांनी दर रविवारी वंदनेनंतर कागद घेऊन विहारात यावे. मी आणि महिला मंडळाच्या ताई तिथे बसलेल्या असतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी नुसते मुलाला घेऊन यावे. बाकीचे आम्ही पाहू.

जयभीम!