दोन टक्के कुणाच्या वाट्याला?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातला एक निकष लागू झाला तरी पुरे. एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. हा पैसा कायद्यामुळे येतो, तरी वाटताना रुबाब दात्याचाच असतो.

खर्चाचे विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिले आहेत. त्यात सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास गटांना सोसावी लागणारी विषमता कमी करणं हाही एक विषय आहे. तरी कंपन्यांचा ओढा शाळेला संगणक देण्याकडे, शौचालय बांधण्याकडे असतो. त्या शाळेत कुणाच्या मुलांना मागे बसवतात, मैला साफ करायला कोण उतरतं, हे अहवालात शोधून सापडत नाही.

दुसरी अडचण कागदांची. कंपनीचा हा निधी घ्यायचा तर बाहेरच्या संस्थेला १२ए आणि ८०जी नोंदणी, किमान तीन वर्षांचं काम आणि २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज लागतो. त्या अर्जावर सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाची डिजिटल पडताळणी हवी. हिशेब चोख असावा, यात वाद नाही. पण वस्तीत वर्षानुवर्षं अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाकडे लेखापाल कुठून येणार? इंग्रजी प्रस्ताव कोण लिहिणार? ज्यांच्या घरात, नात्यात ही माणसं आहेत, त्यांच्या संस्था पुढे सरकतात. जात न विचारताही निवड जातीच्या वळणानेच होते.

इथे आपलं काम सुरू होतं. कंपन्या कर्मचाऱ्यांना एक दिवस भिंती रंगवायला, झाडं लावायला नेतात. वस्तीतल्या संस्थेला मात्र वही नीट ठेवणारा, करार वाचणारा, अर्ज भरणारा माणूस हवा असतो. ही कौशल्यं आता आपल्याकडे आहेत. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, हे कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केलं. तेव्हा आपला वेळ कुठे द्यायचा, हे आपणच ठरवलेलं बरं. आपल्याला हे नवं नाही. ६ डिसेंबर १९७८ रोजी उभ्या राहिलेल्या बामसेफचा पायाच तो होता: नोकरदारांनी आपली बुद्धी, वेळ आणि पैसा समाजाला परत द्यायचा.

पहिल्या पगारातच घरचं कर्ज आणि भावंडांची फी असते. म्हणून पैसे नाही, महिन्याचे चार तास द्या. एकच संस्था धरा आणि तिची नोंदणी पूर्ण होईपर्यंत सोडू नका. संस्थेतल्याच एखाद्या पोरीला हिशेब शिकवा, म्हणजे तुमची बदली बेंगळुरूला झाली तरी काम अडणार नाही.

आणि कंपनीला प्रश्न विचारा. मंजूर प्रकल्प तिला संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. ते वाचून विचारा: निधी मिळालेल्या संस्थांपैकी किती संस्था दलित, आदिवासी, भटके-विमुक्त स्वतः चालवतात? उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत, म्हणजे नोकऱ्यांत आणि कंत्राटांत, आपली माणसं किती? खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे हे कुणी आपणहून सांगणार नाही. विचारणाऱ्याच्या आडनावाकडे नजरा वळतात, हेही खरं. म्हणून एकट्याने विचारू नका. चौघं मिळून विचारा आणि उत्तर लेखी मागा.