डोक्याला मार, तरी खेळ सुरूच

अमेरिकी फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत पुढे घुसण्याचा खेळ. १९०५च्या हंगामात हार्वर्ड विद्यापीठाच्या संघाचे डॉक्टर एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ यांनी खेळाडूंच्या दुखापतींची काटेकोर नोंद ठेवली आणि जानेवारी १९०६मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकूण दुखापती १४५. त्यांपैकी १९ वेळा मेंदूला हादरा. खेळाडू मात्र या हादऱ्याची थट्टाच करत. त्या हंगामात देशभर खेळाडूंचे मृत्यू झाले, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लक्ष घातले, १९०६मध्ये नियम बदलले.

‘काही होत नाही, ऊठ’ ही वृत्ती मात्र आपल्या कबड्डीच्या मैदानावर आजही दिसते. मेंदूचा हादरा सीटी स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही आणि त्यात शुद्ध हरपतेच असेही नाही. डोक्याला मार लागल्यावर खेळाडू गोंधळला, डोके दुखू लागले, गरगरले, तर त्या दिवशी खेळ बंद. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर तडक रुग्णालय गाठावे.

खेळाडूला उतरवायचे की नाही, हे प्रशिक्षकाने किंवा खेळाडूने नव्हे, डॉक्टरने ठरवावे. आणि प्रत्येक शाळेच्या संघाकडे दुखापतींची एक वही असावी. मोजले नाही, तर दिसतही नाही.