खोक्यावर 'कॅम्पिंग', वावरात जागल

सोलर कंदिलाच्या खोक्यावर काय छापलेलं असतं ते कधी बघा. तंबू, शेकोटी, हसणारं एक जोडपं आणि खाली 'कॅम्पिंग व इमर्जन्सीसाठी'. हसू येतं राव. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हजारो माणसं दर हंगामात कॅम्पिंगच करतात. आम्ही त्याला जागल म्हणतो, एवढाच फरक.

तुरीला शेंगा धरल्या, हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं आणि रोही रात्रीच उतरतात. एका रात्रीत अर्धा एकर साफ. म्हणून माणूस जेवून निघतो आणि पहाटेपर्यंत मचाणीवर बसतो. सोबत काठी, वाजवायला डबा आणि उजेडाला मोबाईलचा टॉर्च. मध्यरात्रीनंतर मोबाईल मान टाकतो. मग घरून निरोप आला तरी कळत नाही, आणि साप चावला तर फोनही करता येत नाही.

आमचं लोहारा यवतमाळला चिकटून आहे. शेजारी एमआयडीसी, रस्त्यावर दिवे. पण डांबर सोडून दहा मिनिटं वावराच्या वाटेनं आत चला. पाय कुठे पडतो तेही दिसत नाही. मण्यार रात्रीच फिरते. घोणस पालापाचोळ्यात पडलेली असते, पाय पडला की चावते. उजेड साप मारत नाही, पण पाय टाकण्याआधी दाखवतो. बऱ्याचदा तेवढंच पुरेसं असतं.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत.

पहिलं : आता घरोघरी लाईन आहे, कंदील कशाला? बरोबर, लाईन घरात आहे. डुक्कर वावरात आहे.

दुसरं : मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सौर पंप आले, आता ओलीत दिवसा होतं, शेतकऱ्यानं रात्री जायचं कारणच काय? जिथे दिवसा वीज मिळाली तिथे मोठा दिलासा आहे, हे मान्यच. पण साहेब, पंप दिवसा चालतो म्हणून डुक्कर दिवसा येत नाही. रात्रीचं पाणी देणं सुटलं, रात्रीची राखण तशीच आहे. योजनेनं अर्धीच रात्र मोजली.

आता हिशोब बघा. वावरात साप चावून शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदानातून वारसाला 2 लाख रुपये मिळतात. मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण बरा कंदील हजार-दीड हजारात येतो. म्हणजे एका मरणाच्या पैशात शंभराच्या वर जिवंत माणसांच्या हातात उजेड देता येईल. मेल्यावरचं लेखाशीर्ष आहे, मरू नये म्हणूनचं नाही.

'अहो, सोलर दिवे वाटले होते की!' हो, वाटले होते. वाटपाची प्रेसनोट आणि फोटो माझ्याकडे येतात. दुरुस्तीची प्रेसनोट मात्र इतक्या वर्षांत एकही आली नाही. पॅनल वीस वर्षं टिकतं, बॅटरी टिकत नाही. जुन्या कंदिलात 12 व्होल्टची शिसं-ॲसिडची बॅटरी असायची. रिकामी करून माळ्यावर ठेवली की ती मेलीच. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते, गावात मिळत नाही, आणि चांगलं पॅनल कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून जातं. लोक म्हणतात सोलर बोगस आहे. सोलर बोगस नाही. दुरुस्तीशिवाय वाटप करणं बोगस आहे.

हे करून दाखवलेलं आहे, तेही आपल्याच राज्यातल्या संस्थेनं. आयआयटी मुंबईनं 2014 च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम घेतला. पोरांना दिवा 120 रुपयांत मिळाला. महत्त्वाचं म्हणजे दिवे जोडायला, विकायला आणि दुरुस्त करायला त्याच भागातली माणसं शिकवली. दिवा बिघडला तर कुठे न्यायचा, हे आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडच्या वाटपात नेमकं हेच गळतं.

आणि हा प्रश्न फक्त जागलीचा नाही. 22 जुलै 2023 आठवा. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर 45 माणसं पुरात अडकली, हेलिकॉप्टर मागवावं लागलं. पुरात सगळ्यात आधी लाईन जाते, मग मोबाईल. त्या वेळी ग्रामपंचायतीच्या कपाटात चार्ज केलेले दहा कंदील असणं ही चैन नाही.

म्हणून मागणी साधी आहे :

1) वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून प्रत्येक ग्रामपंचायतीनं लिथियम बॅटरीचे, मोबाईल चार्ज होणारे कंदील घ्यावेत. हंगामात जागलीवाल्यांना नोंद करून द्यावेत, पावसाळ्यात आपत्तीसाठी ठेवावेत. ढगाळ दिवसांत पॅनल नीट भरत नाही, म्हणून ते विजेवरही चार्ज होणारे हवेत. महिन्यातून एकदा चार्ज करायची जबाबदारी नावानिशी ठरवावी.

2) खरेदीच्या वेळीच एका बदली बॅटरीचे पैसे बाजूला काढावेत. गावातल्या एका पोराला किंवा बचत गटातल्या बाईला दुरुस्ती शिकवावी.

3) जुन्या बॅटऱ्या परत घेणं 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर बंधनकारक आहे. विकणाऱ्यानं त्या कुठे द्यायच्या ते बिलावर लिहून द्यावं.

यात कुठलंही नवं महामंडळ लागत नाही, मंत्र्याचा फोटोही लागत नाही. येत्या ग्रामसभेत उठून एकच प्रश्न विचारा : आपल्या गावात आजवर वाटलेल्या सोलर दिव्यांपैकी आज रात्री किती पेटतील? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि इथे कॉमेंटमध्ये टाका. गावाच्या नावासकट.